आईची जखम आणि माझं नाक

दादा, तुमच्या नाकाची आपल्या घरात किती थट्टा चालायची ते आज सकाळपासून आठवतंय. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या रंगखान्यात वीस वर्षं हायड्रोच्या आणि ॲसिडच्या वाफेत उभं राहून तुमच्या नाकाने केव्हाच हात टेकले होते. डाळ करपलेली शेजारच्या दोन घरांना कळायची, पण स्टोव्हपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेल्या तुम्हाला कळायची नाही. आई तुमच्यापुढे ताट ठेवताना भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "या माणूसले सडेल वांगं दिधं तरी खाई लेई." आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मंग सडेलच लयत जाय, सस्तं पडी." तुमच्या नखांत रोज निराळा रंग असायचा. पाळीवरून आलात की आई तुमचा हात उजेडाकडे धरून बघायची, आज जांभळा, आज मोरपिशी, आणि पुढच्या महिन्यात बाजारात कुठल्या रंगाच्या साड्या येणार हे आपल्या आख्ख्या लिंबायत वस्तीमध्ये सगळ्यात आधी तिला कळायचं. माझ्या वर्गात ज्यांचे वडील लूमवर होते त्यांना ऐकू कमी यायचं आणि ज्यांचे रंगखान्यात होते त्यांना वास यायचा नाही. बापांना असं काहीतरी कमी असतंच, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

ही थट्टा आपल्याला महागात पडली. प्लेगला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी गल्लीच्या मनातून भीती गेली नव्हती. कोणी दोनदा खोकलं तरी बाया पदर नाकाला लावायच्या. त्याच दिवसांत आईच्या डाव्या छातीतली गाठ फुटली आणि तिने ती सगळ्यांपासून लपवली. किती महिने लपवली हे तिने शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. तुमच्यापासून लपवणं तर सोपंच होतं. मला मात्र वास येत होता, दादा. कुजकट आणि वर थोडा गोडसर. मी तो खाडीचा समजले. आपल्या खोलीमागून ती काळी खाडी वाहायची, तिच्यावर कसलाही आळ घातला तरी खपून जायचा. मी खिडकी लावून घ्यायचे आणि आई ती लावू द्यायची. ती तेव्हा घरी बसून साड्यांचं धागा-कटिंग करायची, मागचे लोंबते धागे कापून द्यायची. एक दिवस गठ्ठे देणारी बाई आली आणि काही दिवस काम नाही असं सांगून गेली. समोरच्या घरात मात्र काम चालूच होतं. आई उंबऱ्यात बसून समोरच्या ओट्यावरच्या कात्र्यांचा आवाज ऐकत राहिली. साड्यांना वास बसतो हे तिला तोंडावर कोणी सांगितलं नाही, पण तिला ते कळलं होतं.

मग एका दुपारी तिने मला न्हाणीतून हाक मारली. ब्लाऊज रक्ताने भिजून अंगाला चिकटला होता आणि तो तिला काढता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही खाडा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलंत, मीही बरोबर होते. डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की कॅन्सर आत पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, आता जखम साफ ठेवायची आणि दुखणं कमी ठेवायचं, एवढंच. परतताना रिक्षात तुम्ही एकच वाक्य बोललात, "मना नाकनी घात करा." आईने तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसली.

तिथल्या ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर तुम्हाला आठवत असणारच. विदर्भातल्या होत्या, उधन्याला राहायच्या, बुटक्या, जाड काचांचा चष्मा, आणि आवाज असा की रांगेतले लोक आपोआप सरळ व्हायचे. पहिला आठवडाभर आपण आईच्या जखमेला तुमच्या कारखान्यातले कटपीस बांधत होतो. तुम्ही मुद्दाम तलम तुकडे निवडून आणायचात, कोरे, चकचकीत, गुलाबी नाहीतर आकाशी. बायकोच्या अंगाला लागायचं तर चांगलंच लागावं, असा तुमचा हिशेब. आठवड्याने ड्रेसिंगला गेलो तेव्हा सिस्टरांपुढे तुम्ही तो तुकडा ओढून काढायला गेलात, आई कळवळली आणि जखमेतून रक्त वाहायला लागलं. सिस्टरांनी तुमचा हात वरच्या वर धरला. "काहून वढता हो कोरडं कापड? चिकटलं आहे ना ते. भिजू द्या ना बाप्पा." मग त्यांनी तुमच्या पिशवीतला एक कोरा तुकडा घेतला आणि त्यावर पाणी टाकलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं. "हे कापड पानी पेत नाही. जखमेचं पानी कुठं जाईन मंग? आतल्या आत कुजन. सुरतेत राहता अन् सुती कापड भेटत नाही तुमाले?"

तुमचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. ते तुकडे पॉलिस्टरचे होते, आणि पॉलिस्टर वाफेच्या दाबाखाली शिजवल्याशिवाय रंग पीत नाही, हे तुम्ही कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचात. सिस्टरांनी काही डॉक्टरी ज्ञान सांगितलं नव्हतं, तुमच्याच धंद्यातली गोष्ट तुम्हाला सांगितली होती. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "माले ठाऊक व्हतं वं. रोज तेच करस ना मी." आणि घरी आल्याबरोबर ते सगळे गुलाबी आणि आकाशी तुकडे तुम्ही पायपुसण्यांत टाकून दिलेत.

सगळ्या शहरात कापडाचा पूर, आणि आपल्याला हवं ते मिळेना. शेवटी आत्याने गावाहून तिच्या सासूची जुनी सुती लुगडी पाठवली, धुऊन धुऊन मऊ झालेली. तुम्ही त्यांचे हातभर तुकडे केलेत, घड्या घालून डब्यात भरलेत आणि डबा कुकरमध्ये ठेवलात. शिट्ट्या झाल्या की शेजारची गुजराती काकी भिंतीपलीकडून विचारायची, "आजे शुं रांध्युं, बेन?" आई आतून म्हणायची, "जूनं लुगडं." काकीला ती चेष्टाच वाटायची. पुढे एकदा तिने कुकर उघडताना पाहिलं आणि दोन्ही हात गालांना लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या सासऱ्याची दोन सुती धोतरं आणून दिली.

पहाटे पाळीवर जाण्याआधी तुमचं काम सुरू व्हायचं. सिस्टरांनी सांगितलेलं सगळं तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, पण ते बघावं लागलेलं मला आठवत नाही. आधी आईला दुखण्याची गोळी, मग अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात मीठ घालून उकळलेलं पाणी कोमट व्हायचं. तुम्ही हात धुवायचात, पुन्हा धुवायचात. नखांतला रंग पाहून सिस्टरांनी एकदा दटावलं होतं, तेव्हापासून तुम्ही नखं मुळापासून कापत होतात. आदल्या दिवशीचं कापड ओढायचं नाही. तांब्यातून बारीक धार सोडत राहायची, ते आपणहून सुटेल तेव्हा सुटेल. जखम घासायची नाही. जुलाबावर घेतात ती गोळी डॉक्टरांनी त्या वासासाठीच लिहून दिली होती, ती लाटण्याने बारीक करून तिची पूड जखमेवर भुरभुरायची. त्यावर व्हॅसलिन लावलेलं कापड, म्हणजे चिकटणार नाही, आणि वर कोरड्या कापडाची जाड घडी. सगळ्यात बाहेर गडद रंगाचा तुकडा, कारण पांढऱ्यावर रक्त फार दिसतं आणि माणूस घाबरतो. चिकटपट्टीने आईची कातडी सोलून निघायची, म्हणून तिने स्वतःच एक चोळी शिवली, पुढून बंद बांधायची, आणि आतून त्या घडीसाठी खिसा. शिवून झाल्यावर तिने तो खिसा तुम्हाला उलटून दाखवला. "आते माले बी खिसा व्हयना," ती म्हणाली, आणि तुम्ही दोघंही हसलात.

खरं तर हे माझं काम होतं. पंधरा वर्षांची मुलगी घरात असताना बाईच्या अंगाचं असं काम पुरुषाने करावं का, असं मोठ्या काकूने बोलूनही दाखवलं. पण पहिल्याच दिवशी जखम उघडी पाहून मी भोवळ येऊन पडले होते. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. उलट म्हणालात, "देवनी याच कामसाठे मनं नाक मारं व्हई." अडचण एवढीच होती की जे नाक तुम्हाला जखमेपाशी बसू देत होतं तेच नाक तुम्हाला काम कसं झालं हे सांगत नव्हतं. पूड कमी पडली का, घडी किती वेळाने बदलायची, हे वासावरून ठरायचं, आणि आईचं नाक तर दिवसभर तिथेच असायचं. तुम्ही सिस्टरांना विचारलंत. त्या म्हणाल्या, "घरातल्या, पन बाहेरून येनाऱ्या मानसाले विचारा. पयला श्वास खरा. दुसऱ्याले नाक फितूर होते."

तो माणूस म्हणजे मी. शाळेतून आले की मी दप्तर ओट्यावर ठेवायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत परत जाऊन मोकळी हवा घ्यायचे, तोंड मिटून यायचे आणि दारात उभी राहून एक श्वास घ्यायचे. तुमची सकाळपाळी संपून तुम्ही तोवर आलेले असायचात. "वास येस का वं?" तुम्ही विचारायचात. माझी तीनच उत्तरं होती. नही. थोडा. येस. त्यावर दुसऱ्या दिवशीची पूड ठरायची, घडी ठरायची, कधी संध्याकाळीही पुन्हा धुवायचं ठरायचं. मी जे सांगेन ते तुम्ही मान्य करायचात, उलटा प्रश्न नाही. घरात माझ्या शब्दाला आजवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती आणि मी आपली फुगून गेले होते. सिस्टरांनाही तुम्ही ऐकवलंत, की आमच्याकडे मशीन आहे, कधी बंद पडत नाही.

त्या दिवसांची आठवण आली की मला आधी दुःख होत नाही, हे सांगायला लाज वाटते. मला आधी तुमचं दोघांचं बोलणं ऐकू येतं. खोलीत आडवी साडी बांधलेली, तिच्याआड तुम्ही दोघं, आणि अलीकडे मी अर्धवट जागी अंथरुणात. पाण्याची धार पितळी घमेल्यात पडते आहे. तुम्ही सांगताय की काल कारखान्यातल्या रंगमास्तरने मेंदी रंगात काय घोळ घातला आणि हजार मीटर कापड शेवाळासारखं निघालं. आई विचारते, मग ते कुठे जाणार? तुम्ही म्हणता, दिल्लीला, तिथे त्याला नवा रंग म्हणून विकतील. आई हसते, मग "हळू," म्हणते, आणि धार थोडी बारीक होते. माझ्या आठवणीत त्याआधी तुम्ही दोघं सलग दहा वाक्यंही बोलला नव्हतात. पाळी, पाणी, रेशन, माझी फी, यापलीकडे तुमचं बोलणं जायचं नाही. महिन्याभरात माझी "येस" कमी झाली, "थोडा" आलं, मग आठवड्यातून चार दिवस "नही". आई पुन्हा उंबऱ्यात बसायला लागली. गुजराती काकी भाजी निवडायला तिच्याशेजारी येऊन बसायची. वर्षभरात आईला मिळालेलं ते सगळ्यात मोठं औषध असेल.

श्रावण लागला आणि आईने एकच गोष्ट मागितली. मोठ्या काकांकडे कानबाई देवी बसायची, सगळी भाऊबंदकी त्या एका घरात जमायची, प्रसादाचे रोट खायला, गाणी म्हणायला, आणि आई दरवर्षी गाण्यात पुढे. "माले एक डाव कानबाईसमोर बठानं शे," ती तुम्हाला म्हणाली. "मंग जे व्हवानं ते व्हवो." आमंत्रण द्यायला काकू आली ती दारातच उभी राहिली. "ये ना वं बाई," ती म्हणाली, "पण देवनं घर शे, समजी ले." पदर नाकाला लावला नव्हता, पण हात पदराशी होता. ती गेल्यावर आई म्हणाली, तिचं काय चुकलं, दहा घरची माणसं असतील. त्या दिवसापासून तुम्ही असे कामाला लागलात की जणू कारखान्यातला सगळ्यात मोठी ऑर्डर आली आहे. दवाखान्यात जाऊन सिस्टरांना पुन्हा सगळं विचारून आलात. कोळशाची पूड पातळ कापडात शिवून घडीच्या वर ठेवून पाहिलीत. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी रोज दारात उभी राहून सांगितलं, "नही येस." शनिवारी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

एक गोष्ट मी तेव्हा घरात सांगितली नव्हती. शाळेच्या नळावर माझी चुलत बहीण, काकूची मुलगी, मला म्हणाली होती, "तू मनापान नको बठू. तुना कपडासले बी वास येस." तिने ते हळू सांगितलं, तिच्या मते माझ्या भल्यासाठी. त्यानंतर मी माझी वेणी हुंगायला लागले, ओढणी हुंगायला लागले, वर्गात कोणी खिडकी उघडली तरी माझ्यामुळेच उघडली असं वाटायचं. ज्या नाकाचा मला एवढा तोरा होता ते नाक मला स्वतःबद्दल काही सांगेना. दुसऱ्या श्वासाचं नाक फितूर होतं, तर माझं स्वतःचं कधीचंच झालं असणार, असं मनात यायचं.

तो रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. तुम्ही आईची जखम धुऊन, घडी बसवून, चोळीचे बंद बांधून दिले आहेत. आईने हिरवी साडी नेसली आहे, तोंडाला पावडर लावली आहे, आणि किती महिन्यांनी गजरा. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सांगून ठेवली आहे, चालत पाच मिनिटांचा रस्ता असून. मी नवा पिवळा ड्रेस घातला आहे, तुम्हीच आणलेला. तुम्ही म्हणता, जा, बाहेरून येऊन सांग. मी गल्लीच्या तोंडाशी जाते, परत येते, दारात उभी राहते, श्वास घेते. आई माझ्याकडे बघत नाही, बांगड्या सारख्या करते आहे. "वास येस का वं?" तुम्ही विचारता, हसतच, कारण उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी म्हणते, "येस."

तुमचं हसू गेलं नाही, आधी तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग गेलं. तुम्ही साडीचा पडदा पुन्हा ओढलात. गजरा काढून ठेवला, बंद सोडले, पुन्हा पाणी, पुन्हा धार. दुखण्याच्या गोळीला थांबायला वेळ नव्हता. आई पडद्याआड दात दाबून घेत असलेले श्वास मला मोजता येत होते. तुम्ही पूड दुप्पट टाकलीत, नवी घडी ठेवलीत, नवा कोळसा. रिक्षावाला हॉर्न वाजवून गेला. मग तुम्ही बाहेर आलात, कपाळावर घाम, आणि मला पुन्हा गल्लीच्या तोंडाशी पाठवलंत. "आते?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "थोडा." तुम्ही आईकडे पाहिलंत. तुम्ही तिसऱ्यांदा करायला तयार होतात, हात तांब्याकडे गेलाही होता. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोर खोटं कसाले सांगी?" आणि तिने बांगड्या उतरवायला घेतल्या.

तुम्ही तिला म्हणालात, "पुढला सालले जासूत." मला म्हणालात, "तू जाय." मी गेले. मी कानबाईपुढे फुगड्या खेळले, रोट खाल्ला, चुलत बहिणीच्या शेजारी बसले, तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या ड्रेसचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला टेम्पोत बसून तापीवरही गेले. घरी आले तेव्हा आई पडून होती. तिने मला जवळ बसवून सगळं विचारलं, कोण कोण आलं होतं, कानबाईला कुठलं लुगडं नेसवलं होतं, तिची गाणी कोणी म्हटली. मी सांगत होते आणि ती डोळे मिटून ओठ हलवत होती. दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही धार तशीच बारीक धरत होतात.

त्यानंतर तुम्ही मला तो प्रश्न विचारायला लागलात. पहिल्यांदा वर्षश्राद्धाला. "त्या दिनले मनं काय चुकनं व्हई वं?" सहा दिवस वास नव्हता, मग नेमका रविवारी कसा आला? घडी ओली राहिली असेल का? लुगडं नीट वाफवलं गेलं नसेल का? घाईत पूड कमी टाकली असेल का? तुम्ही सिस्टरांनाही जाऊन विचारलंत, आणि त्या म्हणाल्या, होतं असं, जखम आहे ती. तुम्हाला ते पटलं नाही. मी नर्सिंगला गेले तेव्हा तुम्ही मला पुन्हा विचारलंत, आता पुस्तकात काही मिळालं का म्हणून. माझ्या लग्नानंतर, नातू मांडीवर घेऊन, एकदा असंच जेवता जेवता. आणि बाहेरच्यांना तुम्ही मात्र अभिमानाने सांगायचात, "मनी पोरनं नाक कधी चुकनं नही." माझ्या हॉस्पिटलच्या मेट्रनलाही सांगितलंत. मी दर वेळी चहा ठेवायला उठायचे.

आता मी घरोघरी जाऊन हेच काम शिकवते. तुमच्यासारखीच माणसं बघते, कोणाचा नवरा, कोणाची सून, उकळलेलं पाणी आणि तांब्या घेऊन बसलेली. कापड ओढू नका, भिजू द्या, असं मी सिस्टरांच्याच आवाजात ओरडते. काल उधन्याला एका माणसाकडे गेले होते, बायकोच्या जखमेवरची घडी तो इतक्या सावकाश उचलत होता की मी नुसती बघत उभी राहिले. काम झाल्यावर त्याने मला दारापर्यंत सोडताना विचारलं, "सिस्टर, मेरे हाथ से कुछ गलत तो नहीं हो रहा?" मी त्याला सांगितलं, नाही, काही चुकत नाही, अगदी बरोबर चाललंय. त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला तिथे थांबवेना. हे वाक्य मी एका परक्या माणसाला एका क्षणात सांगून टाकलं.

दादा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पूड पुरेशी होती, घडी कोरडी होती, लुगडं नीट वाफवलेलं होतं. मी दारात पहिला श्वास घेतला तेव्हा मला आईच्या पावडरीचा आणि गजऱ्याचा वास आला, दुसरा कुठलाच नाही. तुम्ही तिला पुन्हा सोलून काढल्यावर मी घेतला त्या श्वासालाही नाही. ती आली असती तर सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला त्या एका दिवशी पिवळा ड्रेस घालून कोणाचीच मुलगी नसल्यासारखं खेळायचं होतं. एवढ्यासाठी मी "येस" म्हटलं, आणि तुम्ही परत विचारलंत तेव्हा "थोडा" म्हटलं. हे सांगायला तुम्ही मला पुष्कळ वर्षं दिली होतीत, विचारूनसुद्धा दिली होतीत. आता तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर पत्ता नाही म्हणूनच मी ते लिहू शकले.